कोटापासून शिवेपर्यंत

मुंबईच्या जुन्या बोलीत फोर्टला 'कोट' म्हणत, आणि भिंतीपलीकडे जे काही होतं त्या सगळ्याला 'बाहेरकोट'. भिंत पडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण बोलीतली भिंत पडायला वेळ लागतो. बोरिवलीची माणसं आजही चर्चगेटची गाडी पकडताना 'मुंबईला जातो' असं म्हणतात, जणू ती स्वतः मुंबईबाहेरच राहतात. चिनी भाषेत 'छंग' या एकाच शब्दाने तटबंदीही कळते आणि शहरही कळतं. ज्याला आपण चीनची भिंत म्हणतो त्या 'छांगछंग'चा सरळ अर्थ लांब तट. आपल्या 'कोट' शब्दानेही हीच दोन्ही कामं केली. तटाला कोट, तटाआतल्या वस्तीला कोट, आणि अक्कलकोटासारख्या गावांच्या नावांतही कोट. दोन भाषांना एकमेकींची ओळख नसताना एकच गोष्ट सुचली असेल, तर त्यात काहीतरी तथ्य असलं पाहिजे. शहराला भिंत नंतर घातली जाते, असं आपण धरून चालतो. कित्येकदा भिंत आधी ठरते आणि तिच्या आत जो उरतो त्याला शहर म्हणतात. सरहद्दीवरचा तट शत्रूसाठी बांधला जातो हे शाळेपासून ऐकलेलं उत्तर घेऊन मी कोटातून उत्तरेकडे, शिवेपर्यंत निघालो आहे. वाटेत ते उत्तर किती टिकतं ते पाहायचं.

सुरुवात लायन गेटपाशी. इथून पुढे नौदलाचा पहारा आहे आणि आत जुन्या बॉम्बे कॅसलचे अवशेष. हा कॅसल ज्या नौदल तळात आहे त्याचं नाव आय.एन.एस. आंग्रे. ज्या कान्होजी आंग्रेंच्या धास्तीने इंग्रजांची झोप उडत असे, त्यांचंच नाव आज त्या कॅसलच्या पहारेकऱ्याच्या टोपीवर आहे. इतिहास असा खवचटपणा क्वचित करतो, पण करतो तेव्हा नीट करतो. कॅसलला लागूनच गोदी. वाडियांनी बांधलेलं सागवानी 'कॉर्नवॉलिस' हे जहाज 1813 मध्ये इथून पाण्यात उतरलं, आणि 29 ऑगस्ट 1842 रोजी त्याच जहाजावर चीनने नानकिंगच्या तहावर सही केली. पहिलं अफूयुद्ध तिथे संपलं आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. त्या युद्धामागचा माल, म्हणजे माळव्याची अफू, याच बंदरातून कँटनला जात होता. चीनने दोन हजार वर्षं उत्तरेकडे तोंड करून तट बांधले, आणि एकोणिसाव्या शतकात संकट आलं ते दक्षिणेकडून, समुद्रावरून, मुंबईच्या सागवानावर बसून. भिंतीला दिशा असते आणि दिशा असलेल्या वस्तूला पाठही असते, एवढं या गोदीच्या फाटकाशी कळतं. पण ही झाली भिंतीच्या अपयशाची गोष्ट. अपयशावरून हेतू सिद्ध होत नाही. कुलूप फुटलं म्हणून ते चोरासाठी नव्हतंच, असं कोणी म्हणत नाही.

हेतू शोधायचा तर बाजारगेट स्ट्रीटने चालावं. रस्ता अरुंद, वर जुन्या लाकडी गॅलऱ्या, खाली कागदाची, हार्डवेअरची, जुनाट वजनकाट्यांची दुकानं. हा कोटाचा उत्तर भाग, म्हणजे पारशी, बनिया, प्रभू यांची जुनी वस्ती. दक्षिणेत, चर्चच्या पलीकडे, साहेबांची. भिंत एकच, पण तिच्या आत दुसरी एक न दिसणारी भिंत होती आणि ती सर्वांना पाठ होती. गव्हर्नर चार्ल्स बून 1715 च्या अखेरीस आला आणि त्याच्या कारकिर्दीत शहराभोवती तट उभा राहिला. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे. संध्याकाळी ते बंद होत. तट पाडला तरी तिसऱ्या दरवाजाचं नाव या रस्त्याला आणि दुसऱ्याचं रेल्वेच्या स्टेशनाला चिकटून राहिलं. आज जे स्टेशन लाखो माणसांना रोज आत घेतं, त्याचं नाव लोकांना बाहेर ठेवणाऱ्या दारावरून पडलेलं आहे. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आसपास जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. काळा दगड, चुन्याचे सांधे, फटीतून आलेलं पिंपळाचं रोप. त्या भिंतीला टेकून सावलीत उभं राहिलं तर ती कोणत्या बाजूने बाहेर आणि कोणत्या बाजूने आत होती, हे सांगता येत नाही.

इथे वाचक अडवेल, आणि बरोबरच अडवेल. भीती खोटी होती का? नव्हती. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाची माणसं शिवडीला उतरली, माझगाव आणि माहीम त्याने घेतलं आणि इंग्रज कॅसलमध्ये कोंडले गेले. शेवटी औरंगजेबाच्या दरबारी दीड लाख रुपये भरून सुटका झाली. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तर मुंबईचे व्यापारी हादरले, आणि तटाबाहेर खंदक खणायला त्यांनी स्वतःच्या खिशातून 30,000 रुपये काढून दिले. व्यापारी घाबरल्याशिवाय वर्गणी देत नाही. पण तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं. खंदक पुरा झाला 1743 च्या सुमारास. त्याच्या चार वर्षं आधी, 1739 च्या पावसाळ्यातच, कॅप्टन इंचबर्ड वसईला जाऊन चिमाजी अप्पांशी तह करून आला होता आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांच्या भेटीला गेला होता. मुंबई वाचली ती बोलण्याने. खंदक त्यानंतर आला, आणि मराठ्यांनी त्यावर कधी चाल केली नाही. म्हणजे भीतीने भिंत बांधली हे खरं, पण भीतीचं काम तहाने केलं हेही खरं. मग भिंत रोज काय करत होती? रोज संध्याकाळी दार लावत होती. कोण आत झोपणार आणि कोण बाहेर, एवढंच ठरवत होती.

चीनकडे पाहिलं तर हा मुद्दा अधिक ठसठशीत होतो, कारण तिकडे लेखी पुरावा आहे. इ.स. पूर्व 33 मध्ये शिउंगनू टोळ्यांचा प्रमुख हुहान्ये हान दरबारी आला, आणि आता सरहद्द आम्हीच राखतो, तुम्ही आपले पहारे उठवा, असं त्याने सुचवलं. दरबार खूश होता. पण हौ यिंग नावाच्या एका अधिकाऱ्याने विरोध केला आणि पहारे का उठवू नयेत याची दहा कारणं लिहून दिली. त्यांतली टोळ्यांविषयीची आपल्याला अपेक्षित असतात तशीच आहेत. उरलेली मात्र चकित करतात: सरहद्दीवरच्या घरांतले गुलाम पळून जातील, पूर्वी पलीकडे गेलेल्या सैनिकांची मुलंबाळं त्यांच्या मागे जातील, चोर आणि गुन्हेगार उत्तरेत पसार होतील. तट बांधणाऱ्यांपैकीच एक जण शांतपणे सांगतो आहे की तो आपल्याच माणसांसाठी आहे. विसाव्या शतकात वाळवंटातल्या चौक्यांमध्ये, मुख्यतः जुयेन इथे, हजारो लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांवर हान काळच्या पहारेकऱ्यांचा हिशेब आहे: कोणाला किती धान्य मिळालं, कोणी किती विटा पाडल्या, कोणाकडे वाटपत्र होतं आणि कोणाकडे नव्हतं. चौक्यांच्या कडेने वाळूचा एक पट्टा रोज दाताळ्याने सारखा करत. त्याला 'आकाशाचं शेत' असं गोड नाव होतं. सकाळी त्यावर पावलं उमटली आहेत का ते पाहायचं, आणि कोणत्या दिशेने उमटली तेही. बाहेरून आत, की आतून बाहेर. त्या पट्ट्यांत लढाई फार थोडी आणि हजेरी फार आहे.

बाजारगेटातून बाहेर पडलं की एकदम मोकळं होतं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही सगळी एका जुन्या उघड्या मैदानाची पिलं. मुंबईत एवढी मोकळी जागा कशी राहिली याचं कौतुक करताना ती कशासाठी राहिली ते आपण विसरतो. तोफेच्या पल्ल्यात आडोसा नको, म्हणून तटाबाहेरची घरं आणि झाडं हटवली. कोटाचा पसारा वाढला तेव्हा मुंबादेवीचं मूळ देऊळही हटलं. जिच्या नावाने शहर ओळखलं जातं ती देवी अठराव्या शतकात भिंतीच्या सोयीसाठी बाहेर काढली गेली आणि पुढे काळबादेवी-भुलेश्वरच्या गर्दीत स्थिरावली. आज त्याच मोकळ्या जमिनीवर एकाच वेळी वीस क्रिकेट सामने चालतात, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या स्लिपमध्ये जातो आणि कोणी रागावत नाही. सीमारेषा चुन्याची असली की माणसं किती समजूतदार होतात! तट पाडायचं काम 1862 नंतर, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात सुरू झालं, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि भिंतीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' 1863 मध्ये छापून आलं, म्हणजे आपल्या भाषेत या शहराचं पहिलं मोठं वर्णन लिहिलं गेलं तेव्हा शहराची भिंत पडत होती. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. भिंत असताना शहराचं वर्णन करायची गरज नसते. ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे दिसतच असतं.

धोबीतलाव ओलांडून गिरगावात शिरलं की बाहेरकोटाचा खरा संसार सुरू होतो. 1803 च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली, त्यानंतर बाहेर राहायला जाणाऱ्यांचा ओघ वाढला, आणि प्रभू, ब्राह्मण, सोनार, ख्रिस्ती अशा जातीजमातींनी नारळीच्या वाड्यांत घरं बांधली. वाडी ही भिंतीची उलटी कल्पना आहे. खोताची वाडी घ्या किंवा ठाकुरद्वारची कुठलीही: बोळ इतका अरुंद की समोरच्या घरातल्या फोडणीची मोहरी इकडच्या ओट्यावर तडतडते, पण फाटक नाही, आणि असलं तरी दिवसा कोणी लावत नाही. अनोळखी माणूस आत आला तर अडवत नाहीत, 'कोणाकडे?' असं विचारतात. हा प्रश्न पहाऱ्याचाच आहे, पण त्यात हजेरीपेक्षा चौकशी जास्त. उत्तर देता आलं नाही तरी बहुधा घर दाखवायला एखादा मुलगा पुढे धावतो. खानावळीत ताकाची वाटी न मागता येते, आणि सोलकढी संपली हे सांगताना वाढपी स्वतःच्या घरची संपल्यासारखा ओशाळतो. पलीकडे चर्नी रोड. मैदानात गुरं चारायला कंपनी सरकारने फी बसवली तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी ठाकुरद्वारजवळ जमीन घेऊन ती गुरांना मोकळी केली, आणि त्या चरणीवरून हे नाव आलं असं म्हणतात. हेच जमशेटजी चीनच्या व्यापारात मोठे झाले होते. एकीकडे कँटनचा दरवाजा ढकलणारा हा गृहस्थ दुसरीकडे गिरगावच्या गाईंसाठी कुंपण उघडतो. माणूस एका बाजूने भिंतीच्या आत असतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर.

दिवाळीत याच चाळींच्या अंगणात मुलं किल्ले करतात. माती, विटा, गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव, वर महाराज आणि पायथ्याशी मावळे. मराठी मनातली तटबंदी ही अशी असते: उंच, एकटी आणि चारही बाजूंनी स्वतःपुरती. भोवताली लांब रेघ ओढावी असं कुठल्याच मुलाला सुचत नाही. याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की सह्याद्री हीच आमची भिंत होती, वेगळी कशाला हवी? पण सह्याद्री चढायला कठीण असला तरी घाटांनी भरलेला आहे, आणि गड बांधले गेले ते घाट धरून, वाटा बंद करायला नव्हे तर हाताशी ठेवायला. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र 1715-16 सालचं, म्हणजे बून मुंबईत तट बांधत होता त्याच सुमाराचं. त्यात गडाला एकच दरवाजा असणं हा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या हव्यात, असा सल्ला आहे. त्याच ग्रंथात टोपीकरांना समुद्राकाठी जागा देऊ नये, दिलीच तर किनाऱ्यापासून दूर, सखल जागी द्यावी, असंही बजावलं आहे. एकाच सुमारास दोन माणसं सुरक्षिततेचा विचार करत होती. एकाला दार कमी हवं होतं आणि दुसऱ्याला जास्त. अमात्यांना भिंतीपेक्षा जाण्यायेण्यावर ताबा हवा होता, आणि खरं म्हणजे बूनलाही तोच हवा होता. फक्त तो दगडात व्यक्त करण्याइतका पैसा त्याच्याकडे होता.

मिंग राजवटीचं उदाहरण इथे द्यायला हवं, कारण फोटोत दिसणारी विटांची चीनची भिंत बहुतेक त्यांचीच आहे, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही तिथूनच येतो. 1449 मध्ये तुमू इथे मंगोलांनी खुद्द सम्राटाला पकडून नेलं. 1550 मध्ये अल्तन खान बीजिंगच्या वेशीपर्यंत आला. त्यानंतर सेनापती छी चिगुआंगने बीजिंगच्या उत्तरेला विटांचे बुरूज उभे केले. मग भिंत शत्रूसाठी नव्हती असं कसं म्हणावं? तसं मी म्हणतही नाही. पण अल्तन खानाची मागणी काय होती ते पाहावं. त्याला बाजार हवा होता. घोडे देऊन लोखंडी भांडी, कापड, धान्य घ्यायचं होतं, आणि दरबार वर्षानुवर्षं नाही म्हणत होता. 1571 मध्ये तह झाला, सरहद्दीवर घोड्यांचे बाजार उघडले आणि त्या आघाडीवरचे हल्ले थंडावले. मजबूत बुरूज पाठीशी होते म्हणून तह करवला, असा युक्तिवाद करता येईल आणि त्यात अर्थ आहे. इंचबर्डच्या बोलण्यालाही कॅसलच्या तोफांचं वजन होतंच. पण याचा अर्थ इतकाच की भिंत सौद्यात कामाला येते. ज्या ठिकाणी ती सर्वांत भक्कम होती त्या शानहायग्वानची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. 1644 मध्ये तिथला सेनापती वू सानग्वेई याने बंडखोरांच्या विरोधात मांचूंशी हातमिळवणी केली आणि दरवाजा आतून उघडला. दोन्हीकडे राज्य करणाऱ्या मांचूंना मग ती भिंत तेवढी लागलीच नाही.

लालबागला आलं की भिंती पुन्हा दिसू लागतात, पण या सरहद्दीच्या नव्हेत. गिरणीच्या कंपाऊंडच्या उंच, काजळलेल्या, वर काचा लावलेल्या. फाटकावर हजेरी, भोंग्याला वेळ, आणि बदली कामगार रोज सकाळी दाराशी उभा, आज आत घेतील की नाही या विचारात. जुयेनच्या पट्ट्या इथे मस्टरवर लिहिल्या जात होत्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसं या भिंतींच्या बाहेर पडली ती बहुतेक कायमचीच. आता त्याच भिंतींमागे टॉवर आहेत, फाटकावर गणवेशातला पहारेकरी आहे आणि तो फोन करून विचारतो, 'कोण आलंय म्हणून सांगू?' गिरगावातलाच प्रश्न, पण उत्तराची तऱ्हा निराळी. गिरणगावात आज धडधडत असलेल्या गिरण्या मुख्यतः मसाल्याच्या. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरचीच्या दुकानांपुढे बायका पोती पारखत असतात: रंगाला बेडगी आणि काश्मिरी, तिखटाला लवंगी. देठं काढून झाली, खडा मसाला भाजून झाला, की कुटायच्या यंत्रापुढे प्रत्येकीची रांग, आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत ती जागची हलत नाही. शेजारणीच्या कोल्हापुरीचा चमचाभर अंश आपल्या मालवणीत मिसळता कामा नये. नाकातोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी, आणि नजर यंत्रावर खिळलेली. सरहद्दीचा इतका कडक पहारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि घरी गेल्यावर त्याच मसाल्याची पुडी ती शेजारणीला चवीला पाठवते.

परळमध्ये चीन पुन्हा भेटतो. केईएमला लागून असलेल्या जी. एस. मेडिकल कॉलेजात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस शिकले, 1938 मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात वारले. ते ज्या भागात काम करत होते त्याचं नावच सरहद्द प्रदेश असं होतं. त्यांनी आपल्या मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पुढे व्ही. शांतारामांनी परळच्याच राजकमल कलामंदिरातून त्यांच्यावर चित्रपट काढला. जवळच हाफकिन इन्स्टिट्यूट. ही इमारत मुळात जेझुइट पाद्र्यांची. सिद्दीच्या स्वारीत त्यांनी शत्रूला मदत केल्याचा संशय आला, म्हणून कंपनीने ती काढून घेतली आणि पुढे तिथे गव्हर्नर राहू लागला. स्वारी बाहेरून आली, पण शिक्षा झाली ती बेटावरच राहणाऱ्यांना. तटबंदीच्या काळात फितुरीचा संशय नेहमी अशाच माणसांवर जातो, ज्यांचा एक पाय आत आणि एक बाहेर असतो.

शिवडीचा किल्ला 1680 चा. सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्यावर नजर ठेवायला बांधलेला, पण नऊच वर्षांनी सिद्दी शिवडीलाच उतरला. दगडी दरवाजातून आत गेलं की समोर थेट काही नाही. एका अंगणातून वळून दुसऱ्या दाराशी जावं लागतं, म्हणजे धावत आलेला शत्रू कोपऱ्यावर मंदावेल. युद्धशास्त्राचा हा चतुरपणा आपल्याकडे गोमुखी दरवाजांत याहून देखणा दिसतो. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला, मग गोदाम. म्हणजे आधी माणसं आत ठेवली, नंतर माल. बाहेरच्यांना थोपवायचं काम त्याने फार थोडा काळ केलं. खाली चिखलात थंडीत रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या पलीकडे अटल सेतू समुद्रात निघून जातो. बुरुजावर उभं राहिलं की इतकी मोकळी खाडी दिसते की पहारेकऱ्याला रात्रभर काय वाटत असेल याचा अंदाज येतो: भीती क्वचित, कंटाळा रोज.

दादरला एकही किल्ला नाही, आणि तरीही माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण तेच आहे. फुलबाजारातला झेंडूचा चिखल, साबुदाणावड्यासाठी उभी राहणारी शिस्तशीर रांग आणि पीयूषच्या पेल्यावरचं केशर मागे टाकून हिंदू कॉलनीत गेलं की 'राजगृह' लागतं. बाबासाहेब आंबेडकर आधी अनेक वर्षं परळच्या चाळीत राहिले आणि मग पुस्तकांसाठी हे घर बांधलं. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरच्या त्यांच्या ग्रंथातला एक प्रश्न साधा आहे: अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांचं उत्तर स्थिर झालेल्या आणि भटक्या टोळ्यांच्या संघर्षातून येतं. शेतीवर स्थिर झालेल्या वस्त्यांना भटक्यांच्या हल्ल्यांपासून राखण हवी होती, आणि आपापल्या टोळ्यांतून फुटलेल्या माणसांना आसरा हवा होता. म्हणून त्यांना वेशीबाहेर वसवून पहारा दिला गेला. चीनच्या तटाची गोष्टही शेवटी स्थिर आणि भटक्यांचीच आहे. बाबासाहेबांच्या सिद्धान्ताला इतिहासकारांनी हरकती घेतल्या आहेत आणि मूळ काळाविषयी वाद होऊ शकतो. पण गावगाड्यात वेसकर महारच होता, शिवेची साक्ष तोच देत होता, आणि तरी तो गावकुसाबाहेर राहत होता, याबद्दल वाद नाही. भिंत राखणाऱ्यालाच भिंतीच्या आत जागा नसणे, यापेक्षा भिंतीच्या हेतूवर स्पष्ट पुरावा कुठला हवा? हान काळच्या चौक्यांवर शिक्षा झालेले कैदी होते, मिंग काळी पिढीजात सैनिक-घराणी. ती माणसं ज्या रेषेचं रक्षण करत होती तिच्या आतल्या सुखात त्यांचा वाटा नव्हता. कोणी म्हणेल, चीनच्या राजकीय तटाला आमच्या जातीच्या काटेरी कुंपणाशी कसं जोडता? एक हजारो मैलांचा, एक गावाभोवतीचा. पण मोजमाप बदललं म्हणून काम बदलत नाही. चीन सरकारने 2012 मध्ये सर्व काळांतले तट मिळून लांबी 21,196 किलोमीटर जाहीर केली. आपल्याकडची गावकुसं कोणी टोकाला टोक लावून मोजली नाहीत, एवढाच फरक.

आणि शेवटी शीव. स्टेशनवर मराठीत 'शीव' आणि इंग्रजीत 'सायन'. ऐकणाऱ्याला जेरुसलेमची आठवण व्हावी असं इंग्रजी रूप, पण शब्द आपला साधा, गावची सीमा. इथे मुंबई बेट संपत होतं आणि पलीकडे साष्टी सुरू होत होती, आधी पोर्तुगीजांची, मग मराठ्यांची. टेकडीवरचा किल्ला गव्हर्नर ऑन्जियरच्या वेळचा, म्हणजे सतराव्या शतकातला. पायथ्याशी आता पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आणि बाग, वर पडक्या भिंती आणि त्यांच्या आडोशाला बसलेली जोडपी. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, सालबाईच्या तहाने ती पक्की झाली आणि शीव ही सरहद्द राहिली नाही. मग 1805 पर्यंत गव्हर्नर डंकनने खाडीवर बांध घालून रस्ता केला. पलीकडे माहीमला बांधासाठी सरकार पैसे देईना, तेव्हा जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाईंनी ते दिले, आणि कोणाकडून टोल घ्यायचा नाही ही अट घातली. तरी नाका संपला नाही, तो फक्त पुढे सरकला. दहिसर, मुलुंड, मानखुर्दला जकात नाक्यांवर ट्रकची रांग 1 जुलै 2017 पर्यंत लागत होती, आणि छोट्या गाड्यांचा टोल तर ऑक्टोबर 2024 मध्ये उठला. शीव म्हणजे जिथे थांबवून विचारतात ती जागा, असा अर्थ घेतला तर शीव अजून उत्तरेकडे चाललीच आहे.

टेकडीवरून खाली धारावीत उतरलं की बेस्टच्या बसवर 'काळा किल्ला' अशी पाटी दिसते. खरा काळा किल्ला शोधायला मात्र घरांच्या मधून वाट काढावी लागते. त्यावरच्या शिलालेखात 1737 साल आणि गव्हर्नर हॉर्नचं नाव आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं होतं, घाई स्पष्ट आहे. छोटेखानी, तिरकस भिंतींचा, मिठी नदीकडे तोंड करून बसलेला. भोवतालची घरं त्याला इतकी बिलगलेली की किल्ल्याची बाहेरची बाजू हीच कोणाच्या तरी स्वयंपाकघराची मागची भिंत आहे. वर चढून कपडे वाळत घातलेले, खाली कोणी चामड्याचे तुकडे मोजतो आहे. अमात्यांनी पाहिला असता तर त्यांनी कपाळाला हात लावला असता, कारण या किल्ल्याला दरवाजाच नाही. आत जायला तेव्हाही शिडी लागत होती, आजही लागते.